घर आणि शेतासाठी टॉर्च निवडताना काय पाहावे?

जळगाव-धुळ्यात शेतीपंपांची वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत येते. केळी-कापसाला पाणी द्यायला अंधारात जावे लागते आणि साप, बिबट्या, चोर यांची धास्ती असते.

बंदुकीवरचा टॉर्च का नको?
परदेशात घराच्या रक्षणासाठी तो वापरतात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, 1959 नुसार बंदुकीला परवाना लागतो. परवाना असला तरी धोका उरतोच: उजेड जिकडे टाकाल तिकडे नळीही वळते, आणि समोर घरचाच माणूस असू शकतो. म्हणून टॉर्च हातातलाच घ्या.

घेताना हे पाहा
- ल्युमेन: एकूण उजेड. घर-अंगणाला 200-300 पुरतात.
- पल्ला: खोक्यावरच्या अंतरावर उजेड जेमतेम पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो. चेहरा ओळखू येईल ते अंतर बरेच कमी असते.
- पाणी: आयपीएक्स4 शिंतोडे सोसतो, आयपीएक्स7 एक मीटर पाण्यात 30 मिनिटे टिकतो. शेतासाठी दुसरा घ्या.
- सेल: बदलता येणारा लिथियम सेल सोयीचा. उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा बंद गाडीत टॉर्च ठेवू नका.

रात्री चाहूल लागली तर
एकटे बाहेर पडू नका. आतूनच उजेड टाका, शेजाऱ्यांना हाक द्या आणि 112 वर फोन करा. बिबट्या दिसल्यास वनविभागाचा 1926 क्रमांक लावा.