दोन रेघांमागची वाट

आशाताईंच्या पिशवीत ‘निश्चय’ नावाचं एक छोटं किट असतं. पाळी चुकलेल्या बाईने लघवीचे दोन-तीन थेंब त्यात टाकायचे आणि पाच मिनिटं थांबायचं. दोन रेघा उमटल्या तर दिवस गेलेत. डॉक्टर नाही, प्रयोगशाळा नाही, आणि तिच्या मनात नसेल तर घरात कुणाला सांगायचीही गरज नाही. हे उत्तर तिच्या हाती यायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. त्यातली बरीच वर्षं विज्ञान तयार होतं, पण उत्तर तिला थेट द्यायची इतरांची तयारी नव्हती.

लघवीत गर्भाची खूण असते, ही अटकळ फार जुनी आहे. प्राचीन इजिप्तच्या एका पपायरसात गहू आणि जव लघवीने भिजवून ते उगवतात का पाहा, असं लिहिलेलं आहे. प्रयोगाने सिद्ध झालेली खूण मात्र 1927 मध्ये बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात सापडली. सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ट झोंडेक यांनी वयात न आलेल्या उंदरांच्या माद्यांना बाईची लघवी टोचली. चार-पाच दिवसांनी त्यांना मारून पोट उघडायचं. अंडाशय फुगून त्यांवर रक्ताळ ठिपके दिसले, तर बाई गरोदर. ज्या द्रव्यामुळे हे घडत होतं त्याला आज आपण एचसीजी म्हणतो. ते वारेतून येतं हे नंतर कळलं. दोघंही ज्यू होते. नाझी सत्तेवर आल्यावर त्यांना बर्लिन सोडावं लागलं. झोंडेक अखेर जेरुसलेमला गेले, आशहाइम पॅरिसला.

पुढे अमेरिकेत मॉरिस फ्रीडमन यांनी उंदरांच्या जागी ससा आणला. निकाल काहीही लागो, अंडाशय पाहायचं म्हणून ससा मरायचाच. केप टाउनला शिकवत असताना लान्सलॉट हॉग्बेन यांच्या निरीक्षणातून झेनोपस बेडकीची चाचणी निघाली. टोचल्यावर दिवसभरात तिने अंडी घातली की होकार. इथे बेडकी जिवंत राहायची आणि पुन्हा उपयोगी पडायची.

एडिंबरोला 1929 पासून अशा तपासणीचं केंद्र चालत होतं. तिथे लघवीच्या बाटल्या टपालाने येत, पण पाठवायच्या डॉक्टरांनीच आणि उत्तरही डॉक्टरांनाच. जिच्या देहाची बातमी, तिच्यापर्यंत ती डॉक्टरांच्या मर्जीने पोचायची. मला या साऱ्या इतिहासात उंदीर-सशांपेक्षाही हेच जास्त खुपतं.

या कथेला एक फांदी आहे, आणि ती पुरुषांपर्यंत जाते. वृषणाच्या काही कर्करोगांतही एचसीजी तयार होतं, त्यामुळे अशा पुरुषाची गर्भचाचणी होकारार्थी येऊ शकते. झोंडेक यांच्याच काळात हे लक्षात आलं होतं. आज वृषणाच्या गाठीचं निदान करताना आणि उपचार लागू पडतोय का हे पाहताना रक्तातलं एचसीजी मोजतात. (घरची पट्टी त्यासाठी वापरू नये. ती नकारार्थी आली म्हणून कर्करोग नाही असं होत नाही. गाठ लागली तर लाज सोडून डॉक्टरकडेच जावं.)

वारेच्या पेशींपासून होणाऱ्या कोरिओकार्सिनोमाचंही तसंच. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत मिन चिऊ ली यांनी 1956 च्या सुमारास मेथोट्रेक्सेट देऊन रुग्ण स्त्रियांच्या गाठी नाहीशा केल्या. तरी लघवीत एचसीजीचा मागमूस असेतो ते औषध थांबवायला तयार नव्हते. बऱ्या दिसणाऱ्या बाईला विषारी औषध कशाला, म्हणून त्यांना नोकरी सोडावी लागली. ज्यांचं औषध लवकर थांबवलं होतं त्यांचा आजार उलटला, आणि ली बरोबर ठरले.

प्राण्यांची सुटका 1960 मध्ये झाली. स्वीडनच्या लाइफ विडे आणि कार्ल गेमझेल यांनी प्रतिपिंडं वापरून काचेच्या नळीतच चाचणी करून दाखवली. मग 1967 मध्ये न्यू जर्सीतल्या ऑर्गेनॉन कंपनीत कामाला आलेल्या मार्गारेट क्रेन या तरुण डिझायनरने आरशावर ओळीने मांडलेल्या त्या नळ्या पाहिल्या. बायका हे घरीच का करत नाहीत, हा प्रश्न तिला पडला. प्लॅस्टिकच्या डबीत आरसा बसवून तिने नमुना तयार केला. कंपनीतल्या अनेकांना हा विचार पटला नाही. डॉक्टर दुखावतील, बाई घाबरून भलतंच काही करील, अशा शंका निघाल्या. पेटंट तिच्या नावावर निघालं, पण त्याचे हक्क कंपनीला देताना ठरलेला एक डॉलरही तिला मिळाला नाही.

एक अडचण उरली होती. एचसीजीचा एक भाग अंडाशयाला चालना देणाऱ्या दुसऱ्या एका संप्रेरकासारखाच असतो, त्यामुळे निदानात गल्लत व्हायची. ज्युडिथ वैतुकैटिस आणि सहकाऱ्यांनी 1972 मध्ये फक्त एचसीजीचा वेगळा, बीटा भाग ओळखणारी रक्तचाचणी तयार केली. आजच्या पट्टीचा नेमकेपणा त्या वाटेने आला.

दिवस गेल्याचं लवकर कळण्याला मोल आहे. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतात ती नळी गर्भधारणेनंतर साधारण चौथ्या आठवड्यात बंद होते, म्हणून मूल हवं असेल तर फॉलिक ॲसिड त्याआधीपासूनच घ्यावं लागतं. नको असेल तर गोळ्यांनी गर्भपात करण्याची कायदेशीर मुदत भारतात नऊ आठवड्यांची आहे. पाळी अनियमित असलेल्या बाईचे त्यातले पाच-सहा आठवडे नकळत निघून जातात, आणि पुढे दवाखाना दुसऱ्या गावी असला तर एक-एक दिवस मोजावा लागतो.