साठ दिवस, सहा महिने आणि आमचे नागऱ्याचे मामा

माझं आजोळ नागरा. गोंदियाजवळचं, महादेवाच्या जुन्या देवळाचं गाव. तिथले माझे मामा गेल्या वर्षी एका लग्नासाठी नागपूरला गेले होते. रस्ता ओलांडताना एका कारने उडवलं, पाय मोडला. कारवाल्याने थोडे पैसे हातावर ठेवले आणि "आपसात मिटवून टाकू" म्हणाला. मी फोनवर केस करा म्हटलं, तर मामा म्हणतात, "नागपूरच्या कोर्टात चकरा कोण मारते बाबू?"

खरं सांगतो, तोवर इन्शुरन्स म्हणजे बंपरचा डेंट, कॅशलेस गॅरेज आणि नो क्लेम बोनस, एवढंच मला माहीत होतं. मग एका वीकेंडला बसून या कायद्याचा इतिहास वाचला. रटाळ असेल असं वाटलं होतं. निघाला चक्क मामांबद्दलचा!

पूर्वी गाडीखाली सापडलेल्या माणसाला मालकावर दिवाणी दावा लावावा लागे. जिंकला तरी मालकाकडे पैसे नसले तर काय? यावर तोड म्हणून ब्रिटनने १९३० साली थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला. आपल्याकडे मोटार वाहन कायदा आला १९३९ ला, पण त्यातली विम्याची सक्ती लागू झाली १ जुलै १९४६ पासून. म्हणजे जो प्रीमियम आपण कुरकुरत भरतो, तो आपल्या गाडीसाठी नाहीच, समोरच्या माणसासाठी आहे.

पुढे १९५६ च्या दुरुस्तीने अपघातांसाठी वेगळी न्यायाधिकरणं आणली. उद्देश चांगला, पण अर्जाची मुदत फक्त साठ दिवस! प्लास्टर निघायच्या आत अर्ज. १९६९ च्या दुरुस्तीत साठ दिवसांचे सहा महिने झाले. १९८८ च्या नव्या कायद्यात मुदत तीच राहिली. योग्य कारण असेल तर उशीर माफ, पण एकूण एका वर्षापर्यंतच. त्यानंतर दार बंद.

१९९४ साली दोन मोठे बदल झाले. एक, मुदतच काढून टाकली. दोन, अपघात जिथे झाला तिथेच अर्ज करायची अट गेली. जखमी माणूस राहतो तिथेही अर्ज करता येऊ लागला. पुढे १९९६ मध्ये धन्नालाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुदत हटवल्याचा फायदा आधीच्या, अजून चालू असलेल्या प्रकरणांनाही दिला.

आणि मग आमच्या भाषेत सांगायचं तर रोलबॅक! २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची अट परत आणली, ती लागू झाली १ एप्रिल २०२२ पासून. उशीर माफ करायची सोय मात्र परत आली नाही. या अटीला न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की, मुदत संपली या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत. पण अंतरिम म्हणजे अंतरिम. त्याच्या भरवशावर बसू नये.

सहा महिने खूप वाटतात ना? हिशोब करून बघा. दोन महिने अंथरुणात, एक महिना कुबड्या, मग धानाची कापणी. त्यात कारवाला दर आठवड्याला "बघू, देतो" म्हणत राहतो. तो वाईट असेलच असं नाही, पण मुदत सरत असते मामांची.

तर १९९४ चा तो दुसरा बदल मामांना सांगितला. गोंदियातच अर्ज होतो म्हटल्यावर गडी तयार झाला. एफआयआरची प्रत, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं आणि गाडीच्या पॉलिसीचा नंबर घेऊन पाचव्या महिन्यात आम्ही वकिलाकडे गेलो. निकाल यायचाय.

परवा माझ्या पॉलिसीच्या रिन्यूअलचा मेल आला. थर्ड पार्टीची रक्कम पहिल्यांदाच नीट वाचली आणि कुरकुर न करता भरली. कुठल्यातरी गावच्या मामांसाठी.