बंद पडलेलं यंत्र कशासाठी चालू करायचं?

मंडळी, कोडोलीत बसून बार्जवर काय बोलायचं, असं काहींना वाटलं असेल. आपल्या वारणेवर काही बार्ज चालत नाहीत. पूर आला की गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडायची आणि पलीकडं जायचं, एवढंच आपलं नौकानयन! पण बार्जचं डिझेल इंजिन आणि आपल्या विहिरीवरचं, गुऱ्हाळावरचं इंजिन एकाच कुळातलं. म्हणून हा विषय आपलाही आहे.

आधी गोव्याकडं बघू. मांडवी आणि जुवारी या नद्यांतून लोहखनिज मुरगाव बंदराकडं नेणारे बार्ज अनेक दशकं चालले. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मध्यंतरी काही काळ चालल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. बार्ज नांगर टाकून पडून राहिले. लोखंडी बार्ज नुसता उभा राहिला तरी झिजतो. तळाचा पत्रा गंजून पातळ होतो, इंजिनात ओल शिरली की पिस्टन लायनरमध्ये धरून बसतो. तो पुन्हा चालवायचा तर काठावर ओढून घ्या, सडलेले पत्रे कापून नवे जोडा, इंजिन उतरवून खोला. खर्च मोठा. तेव्हा मालक आधी विचारतो, वाहायला माल आहे का? नसेल तर बार्ज भंगारात.

तत्त्वज्ञानात हा प्रश्न वेगळ्या अंगानं येतो. प्लुटार्कनं थीसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली आहे. अथेन्सचे लोक त्या जहाजाची कुजलेली फळी काढून नवी बसवत राहिले. मग ते जहाज तेच राहिलं का? आपल्याकडं मिलिंदपञ्हात नागसेन विचारतो, रथ म्हणजे चाक, आस की जू? वर्गात आम्ही यावर तासन्‌तास बोललो. मिस्त्रीला मात्र हा प्रश्न पडत नाही. पिस्टन बदलला, लायनर बदलला, तरी पाणी उपसतंय ना, मग इंजिन तेच.

या मिस्त्रींचा इतिहास आपण नीट लिहिलेला नाही. साताऱ्याच्या कूपर कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिन बनू लागलं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली पुण्यात, खडकीला उभी राहिली. पण शेतावर परदेशी इंजिनंही होती, आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांचे सुटे भाग येईनात. तेव्हा कोल्हापूरच्या कारागिरांनी मोडका भाग समोर ठेवून लाकडाचा पॅटर्न केला, वाळूत साचा घेतला, बीड ओतलं आणि लेथवर माप आणलं. भाग जमले, मग अख्खं इंजिन जमलं. पुढं उद्यमनगरात ऑइल इंजिनचे कारखाने भरभराटीला आले. गावोगाव वीज पोचली, मोटरपंप आले, तशी इंजिनाची मागणी घटली. फाउंड्र्या मोटारींच्या सुट्या भागांकडं वळल्या. म्हणजे आजचा हा उद्योग दुरुस्तीच्या पोटी जन्मला. आम्ही दुरुस्तीला दुय्यम मानतो, ते चूक आहे.

अलीकडं जुनी इंजिनं हौसेनं रंगवून दारात मांडतात. वाईट नाही. पण रंग दिला म्हणजे इंजिन जिवंत झालं नाही. बेअरिंगमध्ये पांढरा धातू ओतायचा, शाफ्टला रंग लावून फिरवायचा, जिथं डाग उठेल तिथं तेवढंच खरवडायचं, पुन्हा फिरवून बघायचं. हे हाताचं ज्ञान आहे. ते पुस्तकात फारसं उतरलेलं नाही, आणि ज्यांच्या हातात आहे ते आता आमच्याच वयाचे.

म्हणून आमचं मागणं साधं आहे. तुमच्या परड्यात जुनं इंजिन असेल तर ते खोलताना दोन तरुण पोरं शेजारी बसवा, मोबाईलवर सगळं टिपून ठेवा. आणि चालू झाल्यावर हंगामात एक दिवस तरी त्याला घाण्याला जोडा, ऊस गाळू द्या. गोव्याच्या बार्जला माल लागतो, तसं आपल्या इंजिनाला काम लागतं.