निरोप आणि त्याचा जामीन : संपर्क-तंत्रज्ञानाच्या अभ्यासाची प्रस्तावना

केरळच्या उत्तर किनाऱ्यावर तारली पकडणाऱ्या मच्छीमारांना १९९७पर्यंत एक कोडे रोज पडत असे. मासळी घेऊन होडी कोणत्या किनाऱ्याला लावायची, हे पाण्यावर असतानाच ठरवावे लागे आणि तिथे गिऱ्हाईक आहे की नाही, हे होडी लागल्यावरच कळे. एका गावी मासळी टाकून द्यावी लागे, तर त्याच सकाळी थोड्या कोसांवरच्या गावात ती मिळत नसे. पुढच्या चार वर्षांत कासरगोड, कण्णूर आणि कोळिकोड या जिल्ह्यांत टप्प्याटप्प्याने मोबाइल सेवा आली. तिची कक्षा समुद्रात वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत जात असल्याने होडीतूनच भाव विचारता येऊ लागला. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने या बदलाचा बारकाईने माग घेतला आणि त्यावरचा निबंध २००७मध्ये प्रसिद्ध केला. पूर्वी रोजच्या मासळीपैकी ५ ते ८ टक्के वाया जात असे, ते जवळजवळ थांबले. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त पडली.

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा हे गाव आहे. १ जुलै २०१८ला तिथे आठवडे बाजार भरला होता. भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच माणसांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार केले. मुले पळवणाऱ्यांच्या अफवा त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होत्या. देशभर पसरलेल्या चित्रफितींपैकी एक तर कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या जाहिरातीतून कापून घेतलेली होती. मूल सुखरूप परत येते आणि सावधगिरीचा संदेश दिसतो, तो शेवटचा भाग तेवढा वगळलेला होता.

या अभ्यासविषयात नव्याने येणाऱ्या वाचकाने ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत, अशी माझी विनंती आहे. आपल्याकडे या विषयाची चर्चा फायदे एका रकान्यात आणि तोटे दुसऱ्यात मांडून संपते. पण इथे दोन्हीकडे गुण एकच आहे. निरोप क्षणात पोचतो, जवळपास फुकट पोचतो आणि वाटेत त्याला कोणी अडवत नाही. कोळिकोडला ज्याने भले केले, त्यानेच राईनपाड्याला जीव घेतले. मग फरक कशाने पडला? माझे उत्तर असे की फरक निरोपाच्या जामिनाने पडला. भाव सांगणारा व्यापारी मच्छीमाराच्या ओळखीचा होता. सांगितलेला भाव खरा की खोटा, हे तासाभरात किनाऱ्यावर कळत होते आणि खोटे सांगणाऱ्याकडे दुसऱ्या दिवशी होडी वळली नसती. राईनपाड्यापर्यंत पोचलेल्या अफवेला कर्ता नव्हता. तिची शहानिशा करायला सवड नव्हती आणि ती खोटी ठरल्यावर जाब देणारा कोणीच नव्हता.

अभियांत्रिकीने हा प्रश्न मुद्दाम बाजूला ठेवला होता, हे नव्या अभ्यासकाला ठाऊक असावे. १९४८मध्ये क्लॉड शॅनन यांनी संदेशवहनाचा गणिती सिद्धान्त मांडला, तेव्हा सुरुवातीलाच त्यांनी स्पष्ट केले की संदेशाच्या अर्थाशी या गणिताला कर्तव्य नाही. इकडून निघालेली चिन्हे तिकडे बिनचूक उमटली की काम झाले. हा निर्णय योग्यच होता, कारण त्याशिवाय आजचे जाळे उभे राहिले नसते. पण अर्थ, विश्वास आणि जबाबदारी या गोष्टी त्यामुळे नाहीशा झाल्या नाहीत. त्या आपल्या अभ्यासाच्या वाट्याला आल्या.

महाराष्ट्रात या अभ्यासासाठी वारणेसारखे ठिकाण नाही. १९९८मध्ये केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेचा सहकारी समूह यांनी मिळून कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांत संगणक केंद्रे उभारायला घेतली. ‘वायर्ड व्हिलेज’ या नावाने प्रकल्पाचा देशभर गाजावाजा झाला. शेतकऱ्याला पीकसल्ला मिळावा, बाजारभाव कळावेत, सरकारी माहिती गावातच मिळावी, अशा मोठ्या अपेक्षा होत्या. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या भारतीय संशोधन शाखेतले अभ्यासक तिथे गेले, तेव्हा केंद्रांवरचे काम मुख्यतः उसाभोवतीच फिरत असल्याचे त्यांना दिसले. तोडणीचा परवाना, काट्यावर भरलेले वजन, खताची उचल एवढ्यासाठी शेतकरी येत होता. मग अभ्यासकांनी काही गावांत संगणक काढून त्याजागी साधा मोबाइल दिला. शेतकऱ्याने लघुसंदेश पाठवायचा आणि आपला हिशेब मागवायचा. काम तितकेच झाले आणि खर्च पुष्कळ कमी आला.

‘वायर्ड व्हिलेज’चा प्रयोग फसला असे अनेकजण म्हणतात, ते मला पटत नाही. वजनाच्या आकड्यामागे कारखाना उभा होता. आकडा चुकला तर सभासद कारखान्याच्या दारात जाऊन भांडू शकत होता, कारण ते दार त्याच्या मालकीचे होते. पीकसल्ल्यामागे असे कोणी उभे नव्हते. जिथे जामीन होता तेवढीच माहिती टिकली, हा वारणेचा खरा निष्कर्ष आहे असे मी मानतो. लघुसंदेशाच्या त्या कामात केन्टारो टोयामा होते. तंत्रज्ञान माणसांच्या मूळच्या हेतूला आणि कुवतीला मोठे करते, नवे निर्माण करत नाही, अशी मांडणी त्यांनी पुढे केली. तिच्याशी वाद घालता येतो आणि घालावाही, पण ती टाळून या विषयात पुढे जाता येत नाही.

माझी जामिनाची कसोटीही सगळीकडे सुखाने लागू पडत नाही. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिले. तिला आणि तो मजकूर पसंत करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली. इथे कर्ता उघड होता, नावानिशी होता आणि नेमके त्यामुळेच पोलिसांना तो सापडला. या अटकेतून सुरू झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द केले. संदेश पहिल्यांदा कोणी पाठवला ते शोधून देता आले पाहिजे, असे बंधन सरकारने २०२१च्या नियमांत मोठ्या संदेशसेवांवर घातले. राईनपाडा आठवले की ते हवेसे वाटते आणि पालघर आठवले की त्याची धास्ती वाटते. ही ओढाताण खरी आहे. ती घाईने मिटवू पाहणाऱ्या पुस्तकांपासून विद्यार्थ्यांनी सावध राहावे.

काळाचा पदरही विसरू नये. कॅनडाचे हॅरल्ड इनिस यांनी १९५०च्या सुमारास असा विचार मांडला की काही माध्यमे अंतर जिंकतात, तर काही काळावर टिकतात. आपली माध्यमे अंतर सहज जिंकतात, पण काळाबाबत ती दुबळी आहेत. मराठी वाचकाला याचा अनुभव आहे. १९९०च्या दशकात संगणकावर जुळवलेला कितीतरी मराठी मजकूर त्या त्या कंपनीच्या खास फाँटमध्ये अडकला. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. फाँट हरवला की पानावर नुसती निरर्थक चिन्हे उरत. आयएससीआयआय हे भारतीय प्रमाण आणि युनिकोडची पहिली आवृत्ती दोन्ही १९९१च्याच, पण छपाईच्या धंद्याने ती अंगीकारायला फार वर्षे घेतली. ज्ञानेश्वरीच्या नकला होता होता पाठ बिघडले, तेव्हा १५८४मध्ये एकनाथांनी शुद्ध प्रत सिद्ध केली. म्हणजे त्या ग्रंथाला तीनशे वर्षांनंतरही जामीन मिळाला. फाँटमध्ये अडकलेल्या दिवाळी अंकांना आणि जिल्हापत्रांना तो कोण देणार, हा संशोधनाचा फार चांगला विषय आहे.

नव्या अभ्यासकाला मी सुरुवात घरापासून करायला सांगेन. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण ३३.३ टक्के, तर पुरुषांचे ५७.१ टक्के आढळले. एवढ्यावरून घरातले चित्र उमगत नाही. घरातला एकच फोन रात्री कोणाच्या हाती असतो, बचतगटाचा निरोप सुनेला थेट येतो की नवऱ्याकडून, रेशनचा किंवा हप्त्याचा संदेश वाचून कोण दाखवतो आणि वाचणाऱ्याने चुकीचे सांगितले तर ती कोणाला विचारते? ही माहिती संगणकासमोर बसून मिळत नाही. त्यासाठी ओसरीवर बसावे लागते, पुन्हा पुन्हा जावे लागते आणि तिच्या बोलीत विचारावे लागते. हे काम करू शकणारी माणसे या विषयाला हवी आहेत. संख्याशास्त्र पुढे शिकता येईल.