ऑक्टेनचा आकडा नेमके काय सांगतो?

पेट्रोल पंपावर साध्या पेट्रोलशेजारी जादा दराचे 'प्रीमियम' पेट्रोल मिळते. डिसेंबर २०२० पासून भारतातील काही शहरांत १०० ऑक्टेनचे पेट्रोलही विकले जाऊ लागले. जास्त पैसे मोजले की गाडी जास्त जोमाने पळेल, असे ग्राहकाला वाटते आणि जाहिरातदार त्याचा हा समज सहसा दूर करीत नाहीत. ऑक्टेन जास्त म्हणजे ताकद जास्त का, असे विद्यार्थ्याने विचारले तर काय सांगावे? या आकड्याचा जन्म कसा झाला ते पाहिले, की उत्तर आपोआप मिळते.

अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा सेल्फ-स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत बसवला गेला. हँडल मारण्याचा त्रास संपला, पण दुसरीच तक्रार पुढे आली. चढावर किंवा ओझे वाढल्यावर इंजिन ठकठक वाजू लागे. लोकांनी दोष दिला तो केटरिंग यांच्या बॅटरीवर चालणाऱ्या ठिणगी-यंत्रणेला. केटरिंग यांना मात्र संशय होता इंधनाचा. डेटन येथील त्यांच्या प्रयोगशाळेत १९१६ मध्ये हे काम थॉमस मिजली या तरुणाकडे आले. मिजली रसायनशास्त्रज्ञ नव्हते, यांत्रिक अभियंता होते.

इंजिनात दट्ट्या वर येताना हवा आणि पेट्रोलची वाफ दाबतो, मग ठिणगी पडते आणि ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. कधीकधी ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यात उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपणहून पेटते. त्या धक्क्याचा आवाज म्हणजे नॉकिंग. हे आज आपल्याला ठाऊक आहे. मिजली यांच्यापुढे फक्त आवाज होता.

त्यांची पहिली कल्पना मोठी गमतीची आहे. ट्रेलिंग आर्ब्युटस नावाचे एक रानफूल वसंताच्या आरंभी, बर्फ असतानाच फुलते. त्याच्या पानांची मागची बाजू लालसर असते. लाल रंगामुळे ते उष्णता अधिक शोषत असेल, तर इंधनालाही लाल रंग द्यावा, म्हणजे त्याची वाफ लवकर होईल! भांडारात तेलात विरघळणारा लाल रंग नव्हता, म्हणून आयोडीन टाकले. नॉकिंग थांबले. इथे एखादा घाईचा माणूस विजयाची घोषणा करून मोकळा झाला असता. मिजली यांनी गावातून निरनिराळे लाल रंग आणून तपासले. एकाचाही उपयोग झाला नाही. मग आयोडीनचेच, पण रंगहीन असलेले संयुग घातले आणि नॉकिंग पुन्हा थांबले. रंगाची कल्पना निकालात निघाली आणि शोध रसायनाकडे वळला. नियंत्रित प्रयोग म्हणजे काय, हे शिकवायला याहून सोपे उदाहरण मला तरी माहीत नाही.

आयोडीन महाग होते आणि धातू गंजवत असे. पुढची पाच वर्षे एकामागून एक संयुगे तपासण्यात गेली. टेल्युरियमच्या संयुगांनी काम केले, पण त्यांचा लसणासारखा वास संशोधकांच्या अंगालाच चिकटून राही. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड सापडले. गॅलनमागे काही घनसेंटिमीटर पुरत. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनलाच त्याची विक्री सुरू झाली. नाव ठेवले 'एथिल'. त्यात शिशाचा उल्लेख नव्हता.

शिसे विषारी आहे हे तेव्हाही सर्वांना ठाऊक होते. मिजली यांना स्वतःलाच १९२३ च्या आरंभी शिशाची बाधा झाली होती. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. तरीही मिजली यांनी पत्रकारांसमोर त्या द्रवाने हात धुऊन दाखवले. विक्री काही काळ थांबली, परंतु १९२६ मध्ये सरकारी समितीने बंदीला पुरेसे कारण नाही असा निर्वाळा दिला.

त्याच वर्षी ग्रॅहॅम एडगर यांनी मोजपट्टी शोधली. आयसोऑक्टेन सहजी नॉकिंग करीत नाही, म्हणून त्याला १००. साधे हेप्टेन फार लवकर करते, म्हणून त्याला शून्य. प्रमाणित चाचणी-इंजिनात एखादे पेट्रोल ९१ भाग आयसोऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे वागले, तर ते ९१ ऑक्टेनचे. म्हणजे हा आकडा सहनशक्ती मोजतो, ऊर्जा नव्हे. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा पेट्रोलपेक्षा बराच वर आहे, पण एक किलो इथेनॉलमधून सुमारे २७ मेगाज्यूल ऊर्जा मिळते, तर पेट्रोलमधून सुमारे ४३.

मग फायदा काहीच नाही? आहे, पण तो इंजिन बनवणाऱ्याच्या हाती. इंधन दाब सोसणारे असेल, तर मिश्रण अधिक दाबणारे इंजिन बांधता येते. संपीडन गुणोत्तर ४ असताना आदर्श चक्राची कार्यक्षमता सुमारे ४३ टक्के येते, १० असताना ६० टक्के. प्रत्यक्ष इंजिन याच्या बरेच खाली राहते, पण दिशा तीच. जुन्या, कमी दाबाच्या इंजिनात तेच महाग पेट्रोल ओतले, तर न होणारे नॉकिंग थांबवण्याचे पैसे तेवढे जातात.

शिशाची किंमत मात्र गाडी नसलेल्यांनीही मोजली. हर्बर्ट नीडलमन यांनी १९७९ मध्ये मुलांच्या दुधाच्या दातांतील शिसे मोजून, जास्त शिसे असलेल्यांची बुद्धिमापनातील पीछेहाट दाखवून दिली. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले; अल्जीरियात २०२१ मध्ये, सर्वांत शेवटी. दरम्यान शुद्धीकरणाच्या सुधारित पद्धती आणि इथेनॉलसारखी मिश्रणे वापरून शिशाविना ऑक्टेन वाढवता येऊ लागला होता.

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१६ मध्ये साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांत प्रीमियम भरून पाहिले. शक्ती, इंधनबचत, धूर, कशातही लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. पुढल्या वर्षी, उत्पादकाने प्रीमियमची शिफारस केलेल्या पण सक्ती न केलेल्या गाड्या घेतल्या. तेथे इंधनबचत सरासरी २.७ टक्के आणि शक्ती १.४ टक्के वाढली. अशा गाड्यांत नॉकिंग ओळखणारा संवेदक असतो आणि तो ठिणगीची वेळ बदलतो. आपली गाडी यांपैकी कोणती, हे तिच्याबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत छापलेले असते.