उद्योजकांच्या शिक्षकांचे शिक्षण

उद्योजक जन्मावा लागतो की घडविता येतो, हा वाद जुना आहे. घडविता येत असेल तर तो कोणी घडवावा, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा होय.

फोर्ड प्रतिष्ठानच्या तज्ज्ञमंडळाने १९५४ मध्ये केलेल्या शिफारशींनंतर आपल्याकडे लघुउद्योग सेवा संस्था निघाल्या. तेथील अधिकारी यंत्रे, कच्चा माल व हिशेब यांविषयी सल्ला देत. अशा अधिकाऱ्यांना शिकविण्यासाठी १९६० मध्ये दिल्लीत स्थापन झालेली केंद्रीय संस्था १९६२ मध्ये हैदराबादेस नेण्यात आली.

१९६४ मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी याच संस्थेत काकिनाड्याच्या व्यावसायिकांचे सुमारे दहा दिवसांचे वर्ग योजिले. चित्रावरून कथा रचणे, कडी फेकण्याच्या खेळात अंतर स्वतः ठरविणे, अशा रीतीने प्रशिक्षणार्थ्यास स्वतःची सिद्धिप्रेरणा पारखावयास लावले जाई. प्रशिक्षण न घेतलेल्यांपेक्षा या मंडळींनी व्यवसायात अधिक हालचाल केली, असा निष्कर्ष मॅक्लेलंड व विंटर यांनी १९६९ च्या ग्रंथात मांडला.

यामुळे शिक्षकाची भूमिकाच पालटली. माहितगार सल्लागाराच्या जागी आत्मपरीक्षणास प्रवृत्त करणारा मार्गदर्शक अपेक्षित झाला. अहमदाबादेतील भारतीय उद्योजकता विकास संस्था (१९८३) व महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र (१९८८) ही पुढील टप्प्यांची उदाहरणे होत.

तथापि काकिनाड्याचे प्रशिक्षणार्थी मुळातच व्यवसायात होते, हे विसरता येत नाही. भांडवल व बाजारपेठ यांपासून वंचित असलेल्यास केवळ प्रेरणा पुरेल, असे या प्रयोगावरून सिद्ध होत नाही. प्रशिक्षकांच्या अभ्यासक्रमाची खरी कसोटी तेथेच आहे.