कंसातल्या आकड्याची कुळकथा

ज्युपिटर नोटबुकमध्ये कोडचा सेल चालवला की डावीकडे चौकोनी कंसात आकडा उमटतो. आधी [१], मग [२], मग [३]. नवख्याचं लक्ष त्याकडे जातच नाही. पण सबंध पानावर सगळ्यात जुनं घराणं त्याचंच आहे, आणि सगळ्यात खरी साक्षही तोच देतो.

त्याचं मूळ गाव अमेरिकेतलं एमआयटी. तिथे १९६८ साली मॅकसिमा या बीजगणित सोडवणाऱ्या प्रणालीचं काम सुरू झालं. टर्मिनलवर समीकरण द्यायचं, उत्तराची वाट पाहायची, उत्तर घेऊन पुढे जायचं. ही उत्तरं पाच-पाच ओळींची असत. ती पुन्हा कोण टाइप करणार? म्हणून प्रत्येक आज्ञेला 'सी १', 'सी २' आणि प्रत्येक उत्तराला 'डी १', 'डी २' असं नाव मिळालं. पुढच्या आज्ञेत नुसतं 'डी ४' लिहिलं की चौथं उत्तर हजर! बैठक संपेपर्यंत यंत्र सगळं लक्षात ठेवत असे. या बैठकीलाच सेशन म्हणतात, आणि आकडा हा तिच्या स्मरणशक्तीचा पत्ता.

स्टीफन वुल्फ्राम तरुणपणी मॅकसिमा वापरत. त्यांनी आधी एसएमपी ही तशीच प्रणाली बांधली, मग २३ जून १९८८ला मॅथेमॅटिका आणलं. सी-डी जाऊन 'इन [१]' आणि 'आउट [१]' आले. त्याच आवृत्तीत थिओडोर ग्रे यांनी घडवलेली नोटबुक होती : लेखन, आकृत्या आणि चालता कोड एकाच पानावर. गणित करणारा कर्नल मात्र वेगळा, पडद्याआड.

इथेच आकड्याचं काम बदललं. आपल्याकडच्या जमाखर्चात रोजकीर्द आणि खतावणी वेगळ्या असतात. रोजकीर्दीत नोंदी घडल्या त्या क्रमाने, खतावणीत खात्यांप्रमाणे. मॅकसिमाचं टर्मिनल म्हणजे शुद्ध रोजकीर्द : वरची ओळ आधी घडलेली, खालची नंतर. नोटबुकमध्ये मात्र वर जाऊन जुना सेल बदलता येतो, मधला पुसता येतो, शेवटचा आधी चालवता येतो. पान झालं खतावणी. रोजकीर्द उरली ती फक्त त्या आकड्यात. पहिल्या सेलपुढे [१७] आणि दुसऱ्यापुढे [४] दिसलं, तर पान सांगतंय तशी हकिकत घडलेलीच नाही, हे ओळखावं.

२००१ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्रात पीएचडी करणाऱ्या फर्नांडो पेरेझना मॅथेमॅटिकाची सवय होती. पायथनमध्ये ते आकडे नव्हते. त्यांनी २५९ ओळींची एक फाइल लिहिली आणि पायथनच्या तीन बाणांच्या जागी 'इन [१]' आणलं. तेच आयपायथन. डिसेंबर २०११ मध्ये त्याची ब्राउझरमधली नोटबुक आली. २०१४ मध्ये ज्युलिया, पायथन आणि आर या भाषांच्या नावांतून ज्युपिटर हे नाव घडलं.

दुसरी एक शाखा वेगळ्या स्वभावाची निघाली. खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक यांच्या ऑर्ग मोड या टिपणं लिहिण्याच्या साधनात एरिक शुल्टे आणि डॅन डेव्हिसन यांनी कोड चालवणारं बॅबेल जोडलं. तिथे बहुतेक भाषांत कोडचा प्रत्येक तुकडा कोऱ्या पाटीवर चालतो. मागचं लक्षात ठेवायचं असेल तर 'सेशन' असं स्पष्ट लिहून मागावं लागतं. मला ही शिस्त अधिक प्रामाणिक वाटते. पण ती मागे पडली, कारण न मागता मिळणाऱ्या स्मृतीची सोय फार मोठी आहे.

त्या सोयीची किंमत २०१९ मध्ये मोजली गेली. संशोधकांनी गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावरच्या लाखो नोटबुका पुन्हा चालवून पाहिल्या. सुमारे २४ टक्केच न अडखळता पूर्ण झाल्या, आणि पूर्वीचीच उत्तरं जेमतेम ४ टक्क्यांनी दिली. आज अनेक ठिकाणी 'इन' हा शब्दही गळला आहे. कंस आणि आकडा तेवढे उरलेत.

तुमची नोटबुक कुणाला पाठवण्याआधी कर्नल एकदा बंद करून नव्याने सुरू करा, सगळे सेल वरून खाली चालवा, आणि डावीकडचे आकडे ओळीने १, २, ३ आलेत का ते बघा.